काळ्या घळीच्या काठाकाठाने

सहलीला गेलं की आपल्या बायकांचं एक ठरलेलं वाक्य असतं. ‘तुम्ही जाऊन या बरं का, मी इथेच बसते.’ कुणाचे गुडघे दुखत असतात, कुणाला पिशव्या सांभाळायच्या असतात, कुणाच्या मांडीवर नातवंड झोपलेलं असतं. आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा यातलं काहीच नसतं. आपल्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा नको, एवढंच असतं. मग बाकीचे किल्ला चढून येतात, धबधबा पाहून येतात आणि आपण गाडीच्या काचेतून पार्किंग पाहतो. घरी आल्यावर शेजारणीने विचारलं, ‘कसं होतं?’ की ‘छान होतं हो’ म्हणून मोकळ्या!

अशा सगळ्या ‘इथेच बसणाऱ्या’ मैत्रिणींसाठी आज मुद्दाम एका जागेबद्दल लिहिते आहे. जागा लांबची आहे, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातली. पण आता आपल्या लहान लहान गावांतूनही कितीजणी मुलामुलींकडे, कुणाच्या बाळंतपणाला म्हणून सहा-सहा महिने तिकडे जातात. त्यांना नायगारा, ग्रँड कॅन्यन हमखास दाखवलं जातं. ही जागा मात्र सहसा कुणी सुचवत नाही. तिचं नाव ब्लॅक कॅन्यन ऑफ द गनिसन. गनिसन नावाच्या नदीने कोरलेली काळी घळ. ‘घळ’ हाच शब्द मला इथे बरोबर वाटतो. दरी म्हटलं की डोळ्यांपुढे ऐसपैस काहीतरी येतं. ही तशी नाही. ही अरुंद, उभी आणि अंधारी आहे.

२०२२ च्या सप्टेंबरात मी मुलीकडे डेन्व्हरला होते. नात सात महिन्यांची झाली होती. माझी परतीची वेळ आणि विहीणबाईंची यायची वेळ, यात दहा दिवस असे आले की आम्ही दोघी विहिणी एकाच घरात! एरवी आपल्याकडे दोन विहिणी भेटतात त्या कार्यात, जरीकाठी नेसून, एकमेकींना ‘घ्या ना, घ्या ना’ करत. इथे एकाच ओट्यावर पोळ्या लाटायच्या होत्या. पण ते निभावलं. विहीणबाई अबोल. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. तेव्हापासून त्या देवळापलीकडे कुठे गेल्या नव्हत्या. मुलाने फार आग्रह केला म्हणून विमानात बसल्या. जावई म्हणाले, दोघी आया आहात तोवर कुठेतरी जाऊन येऊ. विहीणबाईंनी लगेच सांगून टाकलं, ‘मी बाळाला घेऊन गाडीत बसेन. तुम्ही सगळे फिरा.’

डेन्व्हरपासून माँट्रोझ हे गाव चारशे किलोमीटरच्या पुढे आहे. वाटेत मोनार्क पास नावाचा घाट लागतो, त्याची उंची ११,३१२ फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच घाट गाडीने ओलांडायचा! सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भरपूर पाणी होतं. पाण्याचं मुद्दाम सांगते. डेन्व्हरच मुळी ५,२८० फुटांवर आहे आणि ही घळ पाहायची तिचा काठ आठ हजार फुटांच्या आसपास. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. तहान लागली नाही तरी घोट घोट पाणी प्यायचं, चढावर घाई करायची नाही आणि तिकडे पोचल्या पोचल्या पहिल्याच दिवशी डोंगर गाठायचा नाही. रक्तदाबाच्या किंवा दम्याच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आम्ही माँट्रोझला मुक्काम केला आणि सकाळी निघालो. गावापासून घळ पंचवीस किलोमीटरच्या आतच. गंमत म्हणजे काठावर पोचेपर्यंत घळ आहे असं वाटतच नाही. सपाट माळ, खुरटी झुडपं, लांबवर डोंगर. आणि मग एकदम पायाखालची जमीन संपते!

महाबळेश्वर-माथेरानला जसे ‘पॉइंट’ असतात, तशीच इथली रचना. घळीच्या दक्षिण काठावरून सात मैलांचा, म्हणजे सव्वाअकरा किलोमीटरचा डांबरी रस्ता जातो. त्यावर बारा पॉइंट आहेत. गाडी उभी करायची, पायवाटेने घळीच्या तोंडाशी जायचं, पाहायचं आणि परत यायचं. काही वाटा शंभर पावलांच्या, काही दहा मिनिटांच्या. टोमिची पॉइंट आणि सनसेट व्ह्यूसारख्या ठिकाणी तर चाकाची खुर्चीही जाते. नियम मात्र कडक. फूल तोडायचं नाही, दगड उचलायचा नाही, खारीला दाणासुद्धा टाकायचा नाही. आम्ही गेलो तेव्हा प्रवेशाचे गाडीमागे तीस डॉलर घेतले. एवढ्यात गाडीतली सगळी माणसं आली.

पहिल्या दोन पॉइंटांना विहीणबाई खरंच उतरल्या नाहीत. बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. मीही काही शूर नाही. तिसऱ्या मजल्यावरून खाली पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो. मुलीचा दंड घट्ट धरून मी कठड्यापाशी गेले आणि खाली पाहिलं. नदी दिसायच्या आधी ऐकू आली. इतक्या खोलातून वर येणारा तो घुमणारा आवाज... पावसाळ्यात रात्री लांबून ओढा ऐकू येतो ना, अगदी तसा.

चॅझम व्ह्यू नावाच्या पॉइंटवर समोरचा काठ फक्त ११०० फुटांवर आहे आणि तळ १,८०० फुटांहून खोल. रुंदीपेक्षा खोली जास्त! तळाशी ‘नॅरोज’ नावाच्या जागी तर दोन भिंतींमध्ये अवघं चाळीस फुटांचं अंतर उरतं. आपल्या गावातल्या बाजाररस्त्याएवढं. त्यातून अख्खी नदी जाते. अशी खोल चीर, त्यामुळे काही ठिकाणी दिवसभरात फक्त ३३ मिनिटं ऊन पोचतं. म्हणून ही ‘काळी’. शिवाय दगडही गडद आहे. नीस आणि शिस्ट या जातींचा, सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे आपला सह्याद्री इथे नातवंडातसुद्धा जमा होत नाही!

हा एवढा कठीण दगड नदीने कापला कसा? हळूहळू. शंभर वर्षांत साधारण एक इंच, या वेगाने वीस लाख वर्षं. शिवाय नदी इथे उतरते फार वेगाने. चॅझम व्ह्यूखाली एका मैलात ती २४० फूट खाली येते. ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदी मैलाला सरासरी साडेसात फूटच उतरते. त्या वेगाबरोबर दगडगोटे वाहत आले आणि त्यांनी तळ घासून काढला. काठ रुंद व्हायला वेळच मिळाला नाही. आता वरच्या अंगाला तीन धरणं झाली आहेत, त्यामुळे पूर्वीसारखे पूर येत नाहीत आणि नदीचा जोरही कमी झाला आहे.

पुढचा पॉइंट पेंटेड वॉल. रंगवलेली भिंत. उंची २,२५० फूट, कोलोरॅडोतला सगळ्यांत उंच कडा. नऊ कुतुबमिनार एकावर एक रचले तरी वर थोडी जागा उरेल. काळ्या-करड्या दगडावर फिक्या गुलाबी रंगाचे नागमोडी पट्टे. पूर्वी केव्हातरी जमिनीच्या पोटातला तप्त रस दगडाच्या भेगांत घुसला आणि थिजला, त्याचे हे पट्टे. लोकांना त्यात पंख पसरलेले ड्रॅगन दिसतात. मला मात्र चंद्रकळेवर कुणीतरी घाईने ओढलेल्या रांगोळीच्या रेघा दिसल्या.

मी गाडीपाशी आले आणि विहीणबाईंना म्हटलं, ‘विहीणबाई, एवढं एक बघाच. शंभर पावलं आहेत. बाळाला मी घेते.’

‘नको हो ताई. मला काय कळतंय दगडातलं?’

‘मला तरी काय कळतंय? पण बघायला कळावं लागतं थोडंच!’

त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं, पदर खोचला, मुलाने घेऊन दिलेल्या बुटांचे बंद आवळले आणि गेल्या. मला वाटलं, दोन मिनिटांत येतील. पंधरा मिनिटं झाली तरी पत्ता नाही! जाऊन पाहिलं तर कठड्याला दोन्ही हात टेकून उभ्या. मुलगा शेजारी, तोही गप्प. मी काही विचारलं नाही. परत आल्या आणि गाडीत न बसताच म्हणाल्या, ‘पुढचा कुठला?’

पुढचा सीडार पॉइंट. ही पायवाट मला सगळ्यांत आवडली. जाऊन-येऊन एक किलोमीटरच्या थोडी वर, आणि दोन्ही बाजूंना झाडाझुडपांपाशी त्यांच्या नावांच्या पाट्या. पिन्यन पाइन, ज्युनिपर, गॅम्बल ओक. पिन्यनच्या शंकूतून खाण्याजोग्या बिया निघतात, आपल्या चिलगोज्याच्याच भाऊबंदातल्या. इथले मूळ रहिवासी यूट लोक त्या गोळा करत. विहीणबाई प्रत्येक पाटीपाशी थांबत होत्या, सुनेला वाचायला लावत होत्या. ‘पान चुरगाळू नका हं आई’ असं तिने बजावलं, तेव्हा त्या वाकून नुसता वास घेऊन आल्या.

दुपारी डबा खायला बसलो तेव्हा पाण्याचा विषय निघाला. इथल्या कॅम्पग्राउंडला उन्हाळ्यात पाणी टँकरने आणतात. खाली नदी वाहते आहे, पण दोन हजार फूट खोल! आणि त्याच नदीचं पाणी डोंगराच्या पोटातून पलीकडच्या खोऱ्यात नेलेलं आहे. त्याची हकीगत अशी. पलीकडचं अंकम्पाग्रे खोरं सुपीक, पण पाण्यावाचून कोरडं. गनिसनचं पाणी तिकडे वळवता येईल का, हे पाहायला १९०१ मध्ये अब्राहम लिंकन फेलोज आणि विल्यम टॉरन्स हे दोघे रबरी गादीच्या आधाराने घळीतून उतरले. पोहत, दगडांना धरत नऊ-दहा दिवसांत तेहतीस मैल गेले. मग १९०५ मध्ये बोगद्याचं काम सुरू झालं. ५.८ मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरहून लांब बोगदा. २३ सप्टेंबर १९०९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष टाफ्ट यांच्या हस्ते तो सुरू झाला. आजही त्या खोऱ्यातला मका त्याच पाण्यावर पिकतो.

विहीणबाईंचं माहेर माणदेशातलं. त्या ऐकून म्हणाल्या, ‘म्हणजे खालच्यांना बोगदा आणि वरच्यांना टँकर! आमच्याकडे मी लहान असताना आई दोन कोस पाण्याला जायची. तेव्हा टँकरही नव्हता.’ मग त्या बराच वेळ माहेरच्या विहिरीबद्दल बोलत राहिल्या. पोहऱ्याबद्दल, तळाशी साचलेल्या चिखलाबद्दल, यजमानांनी लग्नानंतर परसात हातपंप बसवून घेतला त्याबद्दल. त्या दहा दिवसांत यजमानांचं नाव त्यांनी पहिल्यांदा काढलं. मुलगा जेवायचा थांबला होता. बाळाने दशमीचा तुकडा चघळून चघळून पार लगदा केला होता, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

रस्ता संपतो तो हाय पॉइंटला. तिथून वॉर्नर पॉइंटची पायवाट सुरू होते. जाऊन-येऊन अडीच किलोमीटर, थोडी चढउतार, मधे बसायला बाकं. मार्क वॉर्नर हे माँट्रोझमधले धर्मगुरू. ही घळ जपली पाहिजे म्हणून त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन पाठपुरावा केला. २ मार्च १९३३ रोजी अध्यक्ष हूव्हर यांनी तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि २१ ऑक्टोबर १९९९ रोजी ती राष्ट्रीय उद्यान झाली. २०१५ पासून हिला रात्रीच्या काळोखासाठीही मान्यता आहे. दिव्यांचा उजेड मुद्दाम कमी ठेवतात, म्हणून आकाशगंगा उघड्या डोळ्यांनी दिसते.

त्या वाटेवर आम्ही दोघी विहिणीच गेलो. मुलं बाळाला घेऊन मागे थांबली. हो, या वेळी ती गाडीपाशी बसली! वाटेत तीनदा टेकलो. एका हाताला लांब सॅन वान डोंगरांची रांग आणि पाण्यावर हिरवं झालेलं खोरं, दुसऱ्या हाताला घळ. वॉर्नर पॉइंटला ती सगळ्यांत खोल आहे, २,७२२ फूट. तिथे एक ससाणा कड्याच्या खालून उडत गेला. आपण वर आणि उडणाऱ्या पक्ष्याची पाठ आपल्याला दिसते आहे, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. इथल्या कड्यांवर पेरेग्रिन ससाणे घरटी करतात. डीडीटीमुळे त्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन ते अमेरिकेत संपत आले होते. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली, पक्षी पुन्हा वाढले आणि १९९९ मध्ये त्यांचं नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून निघालं.

परतताना विहीणबाई म्हणाल्या, ‘ह्यांना असलं फार आवडायचं हो. मीच कधी त्यांच्याबरोबर गेले नाही. म्हणायचे, चल गं, थोडं तर आहे. मी म्हणायचे, तुम्ही जाऊन या.’ त्यावर मी काय बोलणार? त्यांचा हात धरला. उतार होता म्हणूनही धरला.

दुसऱ्या दिवशी डेन्व्हरला निघण्यापूर्वी माँट्रोझचं यूट इंडियन म्युझियम पाहिलं. यूट लोकांचे नेते यूरे आणि त्यांची पत्नी चिपेटा यांच्या शेतीच्या जागेवरच ते उभं आहे. चिपेटा मण्यांच्या भरतकामात तरबेज. १८८० मध्ये ती वाटाघाटींसाठी नवऱ्याबरोबर वॉशिंग्टनला गेली. त्याच वर्षी यूरे वारले. १८८१ मध्ये तिच्या लोकांना इथून हुसकून युटा राज्यातल्या रखरखीत जमिनीवर पाठवलं गेलं. चिपेटालाही घर सोडावं लागलं. पुढे चार दशकांहून अधिक काळ ती तिथेच राहिली, १९२४ मध्ये वारली. १९२५ मध्ये तिला माँट्रोझला आणून पुन्हा दफन केलं. तिची समाधी म्युझियमच्या आवारात आहे. ज्या खोऱ्यात पुढे बोगद्याचं पाणी खेळलं, ते खोरं या लोकांचं होतं. घळ पाहिलीत तर ही जागाही पाहाच. नाहीतर अर्धीच गोष्ट कळते.

आता थोडं कामाचं. जायला सप्टेंबर उत्तम. ऊन सौम्य, गर्दी कमी. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत बर्फामुळे काठावरचा बराचसा रस्ता गाड्यांना बंद असतो. सगळ्याच पॉइंटांना कठडे नाहीत, तेव्हा मुलांचा हात सोडू नये आणि फोटोसाठी मागे मागे सरकू नये. साडी चालते, पण पायात बूटच हवेत. खाली नदीपर्यंत उतरणाऱ्या वाटाही आहेत. त्यांना परवाना लागतो, एका ठिकाणी तर साखळीला धरून उतरावं लागतं. त्या वाटा आपल्यासाठी नव्हेत, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. आणखी एक महत्त्वाचं. जुलै २०२५ मध्ये वीज पडून दक्षिण काठावर मोठी आग लागली. चार हजार एकरांच्या आसपास रान जळालं, उद्यान काही आठवडे बंद राहिलं आणि मग टप्प्याटप्प्याने उघडलं. त्यामुळे कोणत्या पायवाटा खुल्या आहेत, याची निघण्यापूर्वी चौकशी करावी. गॅम्बल ओक जळाला तरी मुळांतून पुन्हा फुटतो. पिन्यन तसा फुटत नाही, त्याला बीपासून सुरुवात करावी लागते आणि मोठा व्हायला पिढ्या जातात.

आगीची बातमी मी विहीणबाईंना फोनवर सांगितली. त्या हळहळल्या. मग म्हणाल्या, ‘बरं, इकडे आम्ही महाबळेश्वरचं ठरवतोय. भिशीतल्या आठजणी. तुम्ही येताय का? ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, प्रत्येक पॉइंटला गाडीला कुलूप लावायचं. आत कुणी बसायचं नाही.’